येन बायचा उठाव (१९३०)

येन बाय हे उत्तर व्हिएतनाममधलं लाल नदीकाठचं गाव. फ्रेंच राजवटीत तिथं लष्करी छावणी होती, वरचे अधिकारी फ्रेंच आणि शिपाई बहुतेक व्हिएतनामी. १० फेब्रुवारी १९३० च्या रात्री दीडच्या सुमारास यातल्याच चाळीसेक शिपायांनी बाहेरून आलेल्या कार्यकर्त्यांसोबत बंड केलं, अधिकारी आणि सार्जंट मिळून पाच फ्रेंच मारले, छावणीचा काही भाग ताब्यात घेतला. पण बाकीचे शिपाई काही सामील झाले नाहीत आणि उजाडल्यावर सगळं दडपलं गेलं.

उठाव घडवला व्हिएतनाम क्वोक झान डांग या राष्ट्रवादी पक्षानं. २५ डिसेंबर १९२७ ला हनोईत स्थापना, पुढारी न्गुयेन थाय होक, तिशीच्या आतला तरुण. यानं आधी फ्रेंच गव्हर्नर जनरलला पत्रं लिहून सुधारणा मागितल्या होत्या, उत्तर आलं नाही, तेव्हा चीनच्या कुओमिन्तांग या राष्ट्रवादी पक्षाच्या धर्तीवर गुप्त पक्ष काढला, त्यात शिक्षक, कारकून, विद्यार्थी होते आणि मुख्य म्हणजे फ्रेंचांच्याच फौजेतले शिपाई होते.

मग फेब्रुवारी १९२९ मध्ये हनोईत बाझँ नावाच्या फ्रेंच माणसाचा खून झाला. हा दक्षिणेतल्या रबराच्या मळ्यांसाठी मजूर भरती करायचा, तिथले हाल इतके भयंकर की लोकांना त्याचा प्रचंड राग होता. होकचा या खुनाला विरोध होता कारण पोलीस पक्षच मोडतील हे त्याला दिसत होतं, आणि झालंही तसंच, शेकड्यानं धरपकड झाली, वर आतलाच एक माणूस खबऱ्या निघाला, बॉम्बचे साठे सापडत गेले. आता गप्प बसलो तर एकेक करून तुरुंगात जाणार, त्यापेक्षा लढून मरू, असं ठरलं. यश आलं नाही तरी माणूस म्हणून तरी उरू, हे होकचं म्हणणं व्हिएतनाममध्ये आजही सांगतात. माझ्या मते हा उठाव समजून घ्यायचा तर इथूनच, जिंकू अशी खात्री त्यांनाही नव्हती.

येन बायला बॉम्ब ट्रेननं नेले, देवदर्शनाला निघालेल्या यात्रेकरूंसारखं होऊन, अगरबत्ती, फुलं, फळं यांच्याखाली लपवून. छावणीचा कमांडंट ल ताकाँ याला आधी इशारा मिळाला होता पण त्यानं तो मनावर घेतला नाही. दुसरीकडे होकनं ऐनवेळी तारीख १५ फेब्रुवारीवर ढकलली होती आणि तो निरोप वायव्येकडच्या लोकांपर्यंत पोचलाच नाही, म्हणून १० फेब्रुवारीच्याच रात्री पक्षाचा आणखी एक पुढारी न्गुयेन खाक न्यू यानं हुंग होआ आणि लाम थाओवर हल्ले केले, तो पकडला गेला आणि त्यानं जीव दिला, तर नदीच्या खालच्या भागातले लोक १५ तारखेला उठले. एकाच वेळी सगळीकडे पेटलं असतं तर कदाचित काही दिवस तरी टिकलं असतं.

बहुतेक लोक एका रात्रीचं बंड म्हणून हा विषय सोडून देतात, पण पुढचं सगळ्यात महत्त्वाचं आहे. नदीच्या खालच्या भागातल्या विन्ह बाओला बंडवाल्यांनी तिथल्या मँडरिनला, म्हणजे फ्रेंचांच्या हाताखालच्या व्हिएतनामी अधिकाऱ्याला, मारलं आणि ते को आम गावात लपलेत असं कळल्यावर १६ फेब्रुवारीला फ्रेंचांनी त्या गावावर पाच विमानांतून दहा-दहा किलोचे पन्नासहून जास्त बॉम्ब टाकले. बंडवाले मोजके आणि शिक्षा अख्ख्या गावाला, बायकापोरांसकट! आदेश तोंकिनचा, म्हणजे उत्तर व्हिएतनामचा, मुख्य फ्रेंच प्रशासक रोबँ याचा होता. पुढे इतर गावांतही झडत्या झाल्या, घरं जाळली गेली.

होक काही दिवसांतच पकडला गेला. १७ जून १९३० ला पहाटे येन बायलाच त्याच्यासह १३ जणांना गिलोटिनवर मारलं. त्यातल्या फो डुक चिन्हनं पातं खाली येताना दिसावं म्हणून उताणं झोपवायला सांगितलं असं म्हणतात. होकची जोडीदार आणि स्वतः पक्षाची कार्यकर्ती असलेली न्गुयेन थी झांग हिनं दुसऱ्या दिवशी स्वतःवर गोळी झाडून घेतली. तिचं नाव या गोष्टीत नेहमी शेवटी येतं, खरंतर निरोप पोचवणं, माणसं जोडणं यात ती सुरुवातीपासून होती.

या शिक्षा सुनावल्या गेल्यावर, अंमलात येण्याआधीच, २२ मे ला पॅरिसमध्ये व्हिएतनामी विद्यार्थ्यांनी राष्ट्राध्यक्षांच्या एलिझे राजवाड्यासमोर निदर्शनं केली आणि त्यातल्या काहींना मायदेशी हाकललं गेलं. पक्षाचे उरलेले लोक चीनच्या युनानमध्ये गेले आणि देशातल्या लढ्याचं पुढारपण त्याच फेब्रुवारीत हाँगकाँगमध्ये स्थापन झालेल्या कम्युनिस्ट पक्षाकडे सरकलं.