चुंबकाच्या तोंडाशी गरगरणारे डोके

एमआरआय यंत्रातील अतिवाहक (अतिशीत तारांतून विनारोध वीज वाहत ठेवणारा) चुंबक तपासणी संपली म्हणून बंद होत नाही. खोली रिकामी असतानाही त्याचे क्षेत्र तितकेच प्रबळ असते. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र 50 मायक्रोटेस्ला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक, मायक्रोटेस्ला त्याचा दहा लाखावा भाग) धरले, तर 1.5 टेस्लाचे नेहमीचे यंत्र त्याच्या 30 हजार पट भरते, तरीही त्यात झोपलेल्या बहुतेकांना या क्षेत्राची जाणीवही होत नाही. 7 टेस्लाच्या यंत्राजवळ मात्र काहींना गरगरते, मळमळते, जिभेवर धातूची चव येते आणि क्वचित डोळ्यांपुढे प्रकाश चमकून जातो.

चव आणि चमक यांचा उलगडा फॅरेडे यांनी 1831 मध्ये शोधलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनाने, म्हणजे बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वाहकात वीज निर्माण होण्याने, होतो. रुग्णाला ज्यात सरकवतात त्या यंत्राच्या बोगद्याच्या तोंडाशी क्षेत्राची तीव्रता थोड्याच अंतरात झपाट्याने बदलते, त्यामुळे तेथे डोके वेगाने हलवले की क्षारयुक्त आणि म्हणूनच विद्युतवाहक असलेल्या ऊतींमध्ये क्षीण प्रवाह निर्माण होतात. दृष्टिपटल त्यांना विशेष संवेदनशील असते. बदलत्या चुंबकीय क्षेत्रात दिसणाऱ्या अशा चमकांची नोंद फ्रेंच वैज्ञानिक द'आर्सोनव्हाल यांनी 1896 मध्येच केली होती. डोके स्थिर झाले की हे प्रवाह थांबतात.

गरगरण्यालाही हेच कारण लावणे सोयीचे होते, पण ते अपुरे ठरले. 2011 मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी निरोगी व्यक्तींना 7 टेस्लाच्या यंत्रात, अंधारात, निश्चल झोपवले, तेव्हा त्यांची बुबुळे आपोआप एका बाजूला सरकत आणि झटक्याने परत येत राहिली. (अंधार हवाच, कारण समोर काही दिसत असेल तर नजर त्यावर रोखली जाऊन ही हालचाल दबते.) ज्यांच्या आंतरकर्णाचे संतुलनकार्य नष्ट झाले होते, त्यांच्यात ती दिसलीच नाही. आंतरकर्णातील द्रवातून संवेदनपेशींकडे आयनांचा, म्हणजे विद्युतभारित कणांचा, प्रवाह अखंड चालू असतो. चुंबकीय क्षेत्रात त्यावर लॉरेन्ट्झ बल (वाहत्या विद्युतभाराला बाजूला ढकलणारे बल) कार्य करते, द्रव रेटला जातो, अर्धवर्तुळाकार नलिकेतील जेलीसारखा पडदा वाकतो आणि डोके फिरत असल्याची खोटी वर्दी मेंदूला मिळते. गरगरणे काही मिनिटांत ओसरते, परंतु बुबुळांची हालचाल मंदावूनही टिकते, आणि बाहेर आल्यावर काही काळ उलट दिशेने होते.

म्हणून सावकाश हालण्याची, रुग्णाची गादी हळू आत सरकवण्याची सूचना योग्यच आहे, मात्र ती अर्ध्याच दुखण्यावरचा उपाय आहे. संशोधकांना तर अधिक अडचणीची बाब सतावते: अशा यंत्रात ‘विश्रांत’ मेंदूचे चित्र घेताना त्याची संतुलनयंत्रणा सतत डिवचली जात असते.