इंटिग्रेटेड सॅक्स-वोल्फ इफेक्ट
बिग बँगनंतरचा जुना प्रकाश, म्हणजे सीएमबी, आपल्यापर्यंत येताना वाटेतल्या गॅलेक्स्यांच्या मोठाल्या थव्यांतून जातो तेव्हा त्याच्या तापमानात जो बारीकसा फरक पडतो तो हा इफेक्ट. रेनर सॅक्स आणि आर्थर वोल्फ यांनी १९६७ ला गणित मांडलं, तेव्हा डार्क एनर्जी (विश्वाचं फुगणं वेगानं वाढवणारी, अजून नीट न कळलेली ऊर्जा) हा शब्दसुद्धा नव्हता.

समजायला परभणीकडची वालूरची बारव घ्या. जेवढ्या पायऱ्या उतरलात तेवढ्याच चढायच्या, हिशोब बरोबर. पण तुम्ही तळाशी असतानाच गाळ भरून बारव उथळ झाली तर? चढ कमी, दम थोडा शिल्लक. सुपरक्लस्टर, म्हणजे गॅलेक्स्यांचा मोठाला थवा, ही गुरुत्वाकर्षणाची बारवच समजा, ती ओलांडायला प्रकाशाला कोट्यवधी वर्षं लागतात आणि तेवढ्यात डार्क एनर्जी विश्व असं ताणते की ती उथळ होते, म्हणून त्या बाजूचा सीएमबी किंचित गरम आणि मोठ्या पोकळीच्या बाजूचा किंचित थंड दिसतो. सपाट विश्वात नुसतं मॅटर असतं तर खोली जशीच्या तशी राहिली असती न् फरक शून्य.

आता गोची अशी की सीएमबी २.७२५ केल्विन, त्यातले मूळचे चढउतारच लाखात एक, हा त्याहून बारीक, मग कोणता ठिपका जुना आणि कोणता वाटेतला हे नुसत्या नकाशावरून ओळखणार कसं? १९९६ ला क्रिटेंडन आणि ट्यूरॉक या शास्त्रज्ञांनी सुचवलं की गॅलेक्सी सर्व्हेचा, म्हणजे गॅलेक्स्यांच्या मोजणीचा, नकाशा सीएमबीच्या नकाशाशी जुळवून बघा, मूळचे चढउतार विश्व ३ लाख ८० हजार वर्षांचं असतानाचे, त्यांचं अलीकडच्या गॅलेक्स्यांशी काही देणंघेणं नाही, त्यामुळे जे जुळेल ते वाटेतलं. सीएमबी मोजणाऱ्या डब्ल्यूमॅप उपग्रहाचा डेटा २००३ ला आला आणि स्लोन हा गॅलेक्स्यांचा सर्व्हे, रेडिओ गॅलेक्स्या, एक्स-रे असं सगळं लावून खुणा सापडल्या. २००८ ला ग्रॅनेट आणि सहकाऱ्यांनी ५० सुपरक्लस्टर न् ५० पोकळ्या एकावर एक रचल्या तर सिग्नल थिअरीपेक्षा बराच मोठा आला, त्यावर वाद झाला तो झालाच. नंतरच्या प्लँक उपग्रहाचा डेटा २०१५ ला सुमारे ४ सिग्मापर्यंत गेला (सिग्मा जितके जास्त, तितकी योगायोगाची शक्यता कमी). माझ्या मते विश्वाचं फुगणं वेग घेतंय हे दाखवणाऱ्या १९९८ च्या सुपरनोव्हांइतका (फुटणाऱ्या ताऱ्यांइतका) डार्क एनर्जीचा हा पुरावा दणकट नाही, पण गुरुत्वाकर्षणाच्या बाजूनं येतो ही त्याची खरी किंमत. जुळवायला आकाश एकच, त्यामुळे सर्व्हे कितीही वाढवला तरी सिग्मा एका हद्दीपुढे सरकत नाहीत, २०२३ ला उडालेल्या युक्लिड या अंतराळ दुर्बिणीलाही ते चुकणार नाही.