सवलत आली, गाडी दारापर्यंत आली नाही : सांगली जिल्ह्यातील वृद्धांच्या वाहतुकीची पार्श्वभूमी

गुडघे किंवा कंबर साथ देत नसलेल्या वृद्धांना घरापासून दवाखान्यापर्यंत नेणारी गाडी हवी, ही मागणी सांगली जिल्ह्यात निघाली की एसटीची सवलत आहेच, असे उत्तर हमखास मिळते. त्या उत्तराला जुना इतिहास आहे.

1 जून 1948 रोजी पहिली एसटी धावली, आणि पुढची कित्येक दशके गावोगाव गाडी पोहोचवण्यातच गेली. वृद्धांचा विचार झाला तो तिकिटापुरता, म्हणजे पासष्टी ओलांडलेल्यांना अर्धे तिकीट.

खरा गुंता 'ज्येष्ठ नागरिक' या शब्दाचा आहे. केंद्राच्या 2007 च्या कायद्याने ज्येष्ठत्व साठीपासून धरले आणि राज्याच्या धोरणानेही 2018 मध्ये तीच मर्यादा स्वीकारली. एसटीचे अर्धे तिकीट मात्र पासष्टीवरच राहिले. ऑगस्ट 2022 मध्ये पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना मोफत प्रवास मिळाला, तो शहरी बससेवा वगळून. निर्णय स्वागतार्हच होता, पण त्यानेही वयच मोजले, चालण्याची ताकद मोजली नाही. मार्च 2023 पासून बायकांना कोणत्याही वयात अर्धे तिकीट आहे; पण गुडघ्यांची झीज झालेला बासष्ट वर्षांचा पुरुष त्याला पात्र नसतो, आणि अपंगत्वाच्या सवलतीसाठी लागणारे 40 टक्क्यांचे प्रमाणपत्र त्याला सहसा मिळत नाही. आणि सवलत असली तरी मिरजेच्या स्टँडवर अशाच झिजलेल्या गुडघ्यांची एखादी आजी एका हातात एक्स-रेची पिशवी आणि दुसऱ्या हातात दारातला दांडा धरून पहिल्या पायरीशीच थांबते. मागून कोणीतरी आधार देते, वरून कंडक्टर हात देतो, तेव्हा ती आत जाते. तिच्यासाठी तिकिटापेक्षा ती पायरी महाग आहे.

ही उणीव वडापने, म्हणजे वाटेत प्रवासी घेत जाणाऱ्या खाजगी गाड्यांनी, भरून काढली. जत, आटपाडीकडच्या वाड्यावस्त्यांवरून वडापवाला म्हाताऱ्या माणसाला दारातून घेतो, पुढच्या सीटवर बसवतो आणि दवाखान्यासमोर उतरवतो. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात मात्र टप्प्याटप्प्याने प्रवासी घेणारी वाहतूक आणि पूर्ण गाडी ठरवून नेणारी वाहतूक असे दोन प्रकार आहेत, आणि वडापकडे बहुधा पहिल्या प्रकारचा परवाना नसतो. गावाने वर्गणी काढून खाजगी गाडी लावली आणि बसणाऱ्यांकडून डिझेलपुरते पैसे घेतले, तरी ती भाड्याची वाहतूक ठरू शकते. सामुदायिक सेवेसाठी स्वतंत्र, सोपा परवाना का असू नये, हा प्रश्न त्यामुळे रास्त आहे.

2014 मध्ये 108 क्रमांकाची रुग्णवाहिका आली, पण ती तातडीच्या रुग्णांसाठी. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने वाहतूक सुगम करण्याची जबाबदारी शासनावर टाकली. खेड्यात येणाऱ्या लाल गाडीची पायरी मात्र अजून उंचच आहे. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला जाणारा वृद्ध यांपैकी कशातच नीट बसत नाही, आणि त्याच्या घरचे आदल्या रात्री वडापवाल्याला फोन करून पुढची सीट धरून ठेवायला सांगतात.