दातावरचा पांढरा डाग: किडीची सुरुवात की फ्लोरोसिस?

मुलाच्या पुढच्या दातांवर पांढरे डाग दिसले की बरेच पालक ‘पेस्टमधलं फ्लोराइड बाधलं’, म्हणजे फ्लोरोसिस झाला, असं समजून पेस्ट बदलतात. डाग किडीचा असेल, तर त्याला आवर घालणारी गोष्टच, म्हणजे फ्लोराइड, अशाने बंद होते.

एनॅमलमध्ये, म्हणजे दाताच्या सगळ्यात बाहेरच्या कठीण थरात, वजनाने सुमारे 96 टक्के खनिज असतं. प्लाकमधले (दातावर साचणाऱ्या चिकट थरातले) जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात. दाताजवळचा पीएच (आम्लतेचं माप; जितका कमी, तितकं आम्ल जास्त) साधारण 5.5 च्या खाली गेला की एनॅमलमधलं कॅल्शियम आणि फॉस्फेट सुटू लागतं. लाळ ते परत भरते, पण त्यासाठी तिला अर्धा-एक तास लागतो. दर तासाला बिस्किट किंवा गोड चहा पोटात जात असेल, तर ही भरपाई होतच नाही. खनिज आधी पृष्ठभागाच्या किंचित खालून जातं. वरचा पातळ थर शाबूत राहतो आणि आत बारीक छिद्रं पडतात. म्हणून सुरुवातीला खड्डा नसतो, नुसता खडूसारखा पांढरेपणा असतो. दात ओला असताना तो कळतही नाही. वाळवल्यावर छिद्रांतल्या पाण्याची जागा हवा घेते आणि डाग उठून दिसतो. अशा डागाला टाचणीने टोकरू नये, वरचा थर फुटला की खड्डाच होतो.

फ्लोरोसिस दात हिरडीबाहेर येण्याआधीच होतो. पहिल्या आठ वर्षांत, एनॅमल घडत असताना, जास्त फ्लोराइड पोटात गेलं तर दात डाग घेऊनच उगवतो. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यामुळे हे दिसतं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 1 मिलिग्रॅम फ्लोराइड चालतं. दुसरा स्रोत नसेल तरच 1.5 पर्यंत. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचं प्रमाण वाढतं.

ओळखायचं असेल तर आधी जागा पाहा. किडीचा डाग प्लाक साचतो तिथे असतो: हिरडीच्या कडेने चंद्रकोरीसारखा, किंवा तारा लावलेल्या दातांवर ब्रॅकेटभोवती (तार धरायला दातावर चिकटवलेल्या तुकड्याभोवती). चालू असलेली कीड निस्तेज आणि खरखरीत दिसते. थांबलेली असेल तर डाग चकाकतो. फ्लोरोसिसच्या आडव्या, पुसट रेषा डाव्या-उजव्या जोडीच्या दातांवर सारख्याच असतात आणि त्यांची कड आजूबाजूच्या एनॅमलमध्ये विरून जाते. एकाच दातावर मधोमध ठळक डाग असेल, तर बहुधा दुधाच्या दाताला लागलेला मार किंवा त्याच्या मुळाशी झालेला पू कारण असतो.

किडीचा डाग या टप्प्यावर थांबवता येतो: दिवसातून दोनदा 1000 पीपीएम (दहा लाख भागांत 1000 भाग) फ्लोराइडची पेस्ट (तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वयात वाटाण्याएवढी), नंतर खळखळून चूळ न भरता नुसतं थुंकणं, आणि डेंटिस्टकडून फ्लोराइड वार्निश, म्हणजे दातावर लावायचा फ्लोराइडचा लेप. फ्लोरोसिसचा डाग पेस्टने जात नाही; फार खुपत असेल तर मायक्रोअ‍ॅब्रेजन करतात, म्हणजे एनॅमलचा वरचा अगदी पातळ थर घासून काढतात. पण फ्लोरोसिस असलेला दातही किडतो, म्हणून फ्लोराइडची पेस्ट तिथेही चालूच ठेवायची. बदलायचं ते पाणी, आणि मुलाला पेस्ट गिळू द्यायची नाही.