मांडवी ते मोम्बासा : बडोद्याचे उद्योजक बाहेर का गेले

बँक ऑफ बडोदाने परदेशात पहिलं पाऊल टाकलं ते १९५३ साली, मोम्बासाला आणि कंपालाला. लंडनची शाखा निघायला १९५७ उजाडलं. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १९०८ साली सुरू झालेल्या, बडोद्याच्या मांडवी भागात बस्तान असलेल्या बँकेला लंडनच्या आधी युगांडा का सुचावा? कारण गिऱ्हाइकं तिथे आधीच पोचली होती. बँक त्यांच्या मागोमाग गेली.

उद्योजक देश सोडून का जातात, असं विचारलं की हल्ली कर, शाळा, हवा, खड्डे, लाच अशी यादी वाचून दाखवली जाते. यादी खोटी नाही. पण बडोद्यात वाढलेल्या माणसाला तिच्यात काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. या एकाच शहरातून, शेजारीशेजारी राहणारी दोन तऱ्हेची माणसं बाहेर गेली. आमच्या दांडिया बाजारातल्या वाड्यातून जो गेला तो नोकरीचं पत्र घेऊन गेला. पलीकडच्या पोळातला, म्हणजे गुजराती गल्लीतला, पटेल गेला तो मामाचा पत्ता घेऊन.

आधी मामाचा पत्ता. मही नदीच्या उत्तरेचा चरोतर हा तंबाखूचा सुपीक पट्टा. त्यातला नडियादकडचा भाग इंग्रजांच्या खेडा जिल्ह्यात, तर पेटलाद, सोजित्रा, भादरण गायकवाडांकडे. जमीन सोन्यासारखी, पण दर पिढीत वाटण्या होऊन तिचे तुकडे पडत गेलेले. त्यात पाटीदारांमध्ये ‘छ गाम’ म्हणजे सहा मानाच्या गावांत मुलगी द्यायची तर हुंड्याचा आकडा डोळे फिरवणारा. विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा दुष्काळ गुजरातेत अजूनही ‘छप्पनियो’ म्हणून ओळखला जातो. त्याने उरलीसुरली शिल्लक धुऊन नेली. त्याच सुमारास, १८९६ ते १९०१ या काळात, मोम्बासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत इंग्रजांनी रेल्वे टाकली. तिच्यासाठी हिंदुस्थानातून ३२ हजारांच्या आसपास मजूर नेले. पूर्व आफ्रिकेतले गुजराती म्हणजे त्या मजुरांची मुलं, असं पुष्कळांना वाटतं. ते बरोबर नाही. मजूर बहुतेक पंजाबातले होते आणि त्यातले बरेचसे करार संपल्यावर परतले. दुकानदार आले ते रूळ पडल्यावर, आपापल्या खर्चाने.

त्यांची पद्धत बघण्यासारखी आहे. गावाकडून आलेला पोरगा नातेवाइकाच्या दुकानात दोन-तीन वर्षं राबायचा. जेवणखाण, झोपायला दुकानातलीच जागा आणि वर थोडे पैसे. या काळात त्याने स्वाहिली शिकायची, वह्या लिहायला शिकायचं, कोणाला उधार द्यावं नि कोणाला नाही हे शिकायचं. मग तोच नातेवाईक त्याला उधारीवर माल भरून द्यायचा आणि आणखी आत, रेल्वेपासून लांबच्या गावी दुकान थाटायला पाठवायचा. कागद नाही, तारण नाही. पैसे बुडवले तर गावाकडे बहिणीचं लग्न मोडेल, हेच तारण. तिथल्या भाषेत त्या दुकानाला ‘दुका’ म्हणत. ‘दुकान’ हा शब्द आपण इथे रोज वापरतो. तो स्वाहिलीत जाऊन बसला, ही त्या लोकांची खरी पावती.

आता नोकरीचं पत्र. बडोद्याचे मराठी लोक खरं तर स्वतःच स्थलांतरित. १७३४ साली शहर कायमचं गायकवाडांच्या हाती आलं आणि त्यांच्यामागून शिलेदार, कारकून, भटजी, वैद्य, हिशेबनीस येत राहिले. पण आले ते दरबारात. पोट पगारावर, मान हुद्द्यावर. ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ असं म्हणत म्हणत आमच्या घरांनी सहा-सात पिढ्या ते कनिष्ठ कामच उत्तम केलं. त्यामुळे शहरात इतकी वर्षं काढूनही उधारीवर माल भरून देणारा मामा मराठी घरात तयार झाला नाही. तयार झालं ते शिक्षण.

ते सयाजीरावांनी केलं. १८९० साली कलाभवन निघालं. त्याचे पहिले प्रमुख त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ. तांत्रिक शिक्षण मातृभाषेतून द्यावं हा त्यांचा आग्रह. (मुंबईत राणीच्या पुतळ्याला चापेकरांनी फासलेलं डांबर सगळे हरल्यावर ज्यांनी काढलं, ते हेच गज्जर.) रंगकाम, यंत्रकाम, सुतारी, वास्तुकला अशी हाताची विद्या तिथे मिळायची. दादासाहेब फाळके इथलेच विद्यार्थी. १९१४ साली लंडनमध्ये त्यांना तिथेच राहून चित्रपट काढायचा प्रस्ताव आला होता, तो नाकारून ते परतले. गज्जरांचे शिष्य कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन यांनी १९०७ मध्ये अलेम्बिक उभी केली. टिंक्चर आणि अल्कोहोलपासून सुरुवात. एक मराठी, एक पाटीदार, दोघांच्या हाती एकच विद्या आणि पाठीशी संस्थान. अशी जुळणी झाली की माणूस बाहेर जात नाही.

नाही झाली तर काय होतं, याचं त्याच काळातलं उदाहरण मुंबईचे शंकर आबाजी भिसे. छपाईचे खिळे ओतण्याचं यंत्र बनवण्याच्या ध्यासापायी ते लंडनला गेले, दादाभाई नौरोजींनी ओळखी करून दिल्या, टाटांचा पैसाही लागला. पुढे ते न्यूयॉर्कला गेले आणि १९३५ साली तिथेच वारले. भिश्यांच्या डोक्यात जे होतं ते घडवायला लागणारे कारखाने, पेटंटचे वकील आणि यंत्र विकत घेणारे छापखाने मुंबईत नव्हते. याउलट लक्ष्मणराव किर्लोस्करांची बेळगावातली जागा गेली तेव्हा औंधच्या राजाने त्यांना कुंडलजवळ माळरान दिलं, आणि १९१० पासून किर्लोस्करवाडी उभी राहिली. कर्तबगारीत दोघांत उणंदुणं काढण्यात अर्थ नाही; एकाला माळ मिळाला, दुसऱ्याला बोट.

पण राजाश्रयाची गोष्ट फार गोड करून सांगू नये. याच संस्थानाने शिष्यवृत्ती देऊन १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबियाला पाठवलं. परतल्यावर दहा वर्षं संस्थानाची सेवा, असा करार. १९१७ साली ते बडोद्याला रुजू झाले, आणि एवढा शिकलेला माणूस, पण या शहरात त्यांना राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेतून काठ्या घेऊन आलेल्या टोळक्याने त्यांना बाहेर काढलं. गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाटीबागेत बसून राहिले. पुढचा भाग कमी सांगितला जातो: मुंबईत त्यांनी शेअर आणि रोख्यांवर सल्ला देणारी पेढी काढली होती. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाइकं यायची थांबली, पेढी बंद झाली. मग सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. स्थलांतराच्या कारणांची यादी करणारे भांडवल आणि कर मोजतात. ज्याच्याकडे विद्या आहे त्याच्याकडून ती विकत घ्यायला लोक तयार नाहीत, हेही कारण यादीत हवं, आणि ते जुनं आहे.

१९४९ साली बडोदे मुंबई राज्यात विलीन झालं आणि त्याच वर्षी महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झालं. कलाभवनाची परंपरा त्याच्या तंत्रशाखेत गेली. कोयलीची रिफायनरी, खताचा कारखाना, पेट्रोकेमिकल्स. साठीच्या दशकात शहराभोवती मोठ्या नोकऱ्यांचं रिंगण उभं राहिलं. मराठी घरं खूश झाली, ही तर दरबाराचीच नवी आवृत्ती. ज्याला स्वतःचं काही काढायचं होतं त्याची पंचाईत. १९५१ च्या कायद्याने मोठ्या उद्योगाला परवाना लागे, किती माल काढायचा तेही त्यातच लिहिलेलं. परदेशी यंत्र आणायला वेगळा परवाना. १९६७ पासून लघुउद्योगांसाठी राखीव वस्तूंची यादी निघाली. ४७ वस्तूंनी सुरुवात होऊन ती आठशेच्या वर गेली. हेतू चांगला, परिणाम विचित्र. यंत्रांवरचा खर्च ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की राखीव वस्तू बनवायचा हक्क संपायचा. म्हणून लोक मोठं होण्याऐवजी भावाच्या, बायकोच्या नावाने दुसरा छोटा कारखाना काढायचे.

आणि इकडे अमेरिकेने १९६५ साली देशवार कोट्याची जुनी पद्धत मोडून शिकलेल्या माणसाला दार उघडलं. त्या काळी परदेशी जाणाऱ्याला हातखर्चाला आठ डॉलर नेता येत. विमानतळावर निरोप द्यायला गेलेल्या मंडळींच्या तोंडी हा आठचा आकडा असा बसला आहे की आमच्याकडे अजून ‘आठ डॉलरवाली पिढी’ म्हणतात. सॅम पित्रोदा याच विद्यापीठातून भौतिकशास्त्राची पदवी घेऊन १९६४ साली शिकागोला गेले. आधी टेलिफोन कंपनीत नोकरी, मग सत्तरीच्या दशकात डिजिटल स्विचिंगच्या कंपनीत भागीदारी, १९८० साली ती रॉकवेलने विकत घेतली. हीच पायवाट पुढे हजारोंनी मळवली. अमेरिकन अभ्यासक अ‍ॅनाली सॅक्सेनियन यांच्या पाहणीप्रमाणे १९८० ते १९९८ मध्ये सिलिकॉन व्हॅलीत निघालेल्या तंत्रज्ञान कंपन्यांपैकी सुमारे २४ टक्के भारतीय किंवा चिनी प्रमुखांच्या होत्या. यातले बहुतेक उद्योजक व्हायला गेलेले नव्हते. नोकरीत एका पायरीवर ‘तू इंजिनिअर चांगला आहेस’ म्हणून थांबवलं गेलं, आणि शेजारी पैसे लावायला तयार असलेला माणूस होता. तेव्हा उद्योजक झाले. इथून उद्योजक गेले असं आपण म्हणतो; पुष्कळदा इथून नोकरदार गेले आणि तिथे उद्योजक निपजले.

दुकावाल्यांचं काय झालं? ऑगस्ट १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत निघून जायला सांगितलं. सत्तावीस हजारांच्या वर माणसं ब्रिटनला गेली. लेस्टरच्या नगरपालिकेने तर युगांडाच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती: इथे जागा नाही, येऊ नका. लोक गेलेच. पुन्हा तेच: आधी नातेवाइकाकडे, मग कोपऱ्यावरचं दुकान, मग दुसरं. मालमत्ता राहिली आफ्रिकेत, पण उधारीची साखळी माणसांच्या डोक्यात होती, ती जप्त करता आली नाही.

१९९१ नंतर परवाने गेले. २००४ साली रिझर्व्ह बँकेने माणशी वर्षाला २५ हजार डॉलर बाहेर न्यायची मुभा दिली, ती आता अडीच लाख डॉलर आहे. म्हणजे अडवणारं काही उरलं नाही आणि ढकलणारंही कमी झालं. तरी २०२२ या एका वर्षात २,२५,६२० जणांनी भारतीय नागरिकत्व सोडलं. यात सगळेच उद्योजक नव्हेत, पण आहेत. अमेरिकेचा गुंतवणूकदारांचा ई-टू व्हिसा भारतीयांना मिळत नाही, कारण तसा करार नाही. म्हणून २०२२ पर्यंत काही जण आधी ग्रेनाडाचं नागरिकत्व विकत घेत. आठ डॉलरपासून इथवर.

माझा मावसभाऊ मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, जीआयडीसीत, व्हॉल्व्ह दुरुस्त करायचा. दोन लेथ, एक रेडियल ड्रिल, एक टेस्टिंग बेंच. सीट आणि डिस्क, म्हणजे व्हॉल्व्ह बंद होताना एकमेकांवर बसणारे दोन भाग, घासून झाले की डिस्कला निळा रंग लावायचा, सीटवर ठेवून थोडी फिरवायची आणि उचलून बघायची: निळ्याची रेघ गोलभर सलग उठली तर पास, कुठे केसाएवढी तुटली तर पुन्हा घासायची. त्या रेघेवर त्याचा जीव. काम नंबर एक, पैसे नंबर शेवटचे. एका मोठ्या पार्टीचं नव्वद दिवसांचं पेमेंट दहा महिन्यांवर गेलं. बिल फाडलं की जीएसटी मात्र आपण भरायचा, पैसे येवोत न येवोत. २००६ च्या कायद्यात पंचेचाळीस दिवसांची मुदत लिहिलेली आहे, पण तक्रार केली की पुढची ऑर्डर गेली, हे त्याला कायद्यापेक्षा चांगलं माहीत होतं. बँकेची सीसी, म्हणजे खेळत्या भांडवलाची उचल, मावशीच्या घरावर. तीही चेपायला लागली तेव्हा त्याने लेथ विकले आणि शारजाला व्हॉल्व्ह टेक्निशियन म्हणून गेला. आमच्या घराण्याच्या रीतीने, नोकरीचं पत्र घेऊन.

आठ वर्षांनी तिथल्या फ्री झोनमध्ये त्याचा स्वतःचा गाळा झाला. परवाना किती दिवसांत मिळाला, कर किती, हे तो सांगत नाही. सांगतो ते चेकचं: काम घेतानाच पुढच्या तारखेचा चेक हातात, आणि बरीच वर्षं तो परत येणं म्हणजे पोलीस. आपल्याकडेही चेक न वटल्याबद्दलचं कलम १३८ आहेच, पण तारीख पे तारीख.

परवा त्याचा फोन आला. वाड्यातल्या जोशीकाकूंचा धाकटा आयटीआय करून बसलाय म्हणे, काय करतो तो? ‘पाठव त्याला. राहायला माझ्याकडेच, जेवणाचं बघू. दोन वर्षं निळा लावायला शिकू दे, मग अबुधाबीला त्याच्यासाठी काहीतरी काढून देतो.’ काकूंनी पासपोर्टला अर्ज टाकलाय.