येवला ते नागपूर: कोणता धर्म घ्यायचा, या प्रश्नाची एकवीस वर्षं

दसऱ्याला दीक्षाभूमीवर लोटणारी गर्दी पाहिली की वाटतं, बाबासाहेबांनी हिंदू धर्म सोडायचं ठरवलं तेव्हाच बौद्ध धम्म घ्यायचंही ठरलं असणार आणि मधली वर्षं तयारीत गेली असणार. नागपूरच्या वस्त्यांमधल्या भाषणांतून गोष्ट बहुधा अशीच सांगितली जाते. खरं तर सोडायचं काय ते एका दिवसात जाहीर झालं होतं. घ्यायचं काय, यावर एकवीस वर्षं गेली. त्या काळात इस्लाम, ख्रिस्ती आणि शीख हे तिन्ही धर्म उघडपणे चर्चेत आले, त्यातल्या एकाची बोलणी तर बरीच पुढे गेली, आणि त्या बोलणीतला एक माणूस नागपूरचाच होता.

१३ ऑक्टोबर १९३५. नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याला परिषद भरली होती. काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून मार्च १९३० मध्ये सुरू झालेला सत्याग्रह पाच वर्षं रखडला, दार काही उघडलं नाही. त्याआधी महाडचं तळं झालं होतं, अस्पृश्यांना राखीव जागा देणारा पुणे करार झाला होता. हिंदू म्हणून जन्मलो त्याला इलाज नव्हता, पण हिंदू म्हणून मरणार नाही, असं आंबेडकरांनी येवल्याला सांगितलं. कोणत्या धर्मात जाणार हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. मग तारा आणि पत्रं सुरू झाली. मुंबईच्या मेथडिस्ट बिशपांनी स्वागत केलं, मुसलमान पुढाऱ्यांनी निमंत्रण दिलं, अमृतसरच्या सुवर्णमंदिराच्या व्यवस्थापनाकडून तार आली, बनारसच्या महाबोधी सभेनेही बोलावलं. धर्म म्हणजे वाटेल तेव्हा बदलायचं घर किंवा अंगरखा नव्हे, असं गांधीजींनी सुनावलं.

नागपूरला ही चर्चा अगदीच नवी नव्हती. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्येच इथे आले होते आणि त्यांच्या नावाचं कॉलेज आजही शहरात आहे. म्हणजे ख्रिस्ती होण्याचा रस्ता नव्वद वर्षं दारासमोर होता. तरीही विदर्भातला महार समाज मोठ्या संख्येने त्या रस्त्याने गेला नाही. त्याच्याजवळ कबीरपंथ होता, महानुभाव पंथ होता, चोखोबा होते. मोहप्याचे किसन फागूजी बनसोडे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच नागपुरात मुलींसाठी शाळा काढली आणि तिला चोखामेळ्याचं नाव दिलं. चोखोबाच्या वाटेनेच, घरात राहून भांडावं, असं मानणाऱ्या पिढीचे ते प्रतिनिधी. येवल्याच्या घोषणेनंतर त्यांनी धर्मांतराला विरोध केला. अमरावतीचे गणेश आक्काजी गवई यांचंही मत विरोधातच होतं. ही माणसं आज आठवणीतून जवळजवळ पुसली गेली आहेत, आणि ते बरं नाही. ‘जायचं की नाही’ हा वाद विदर्भात घराघरांत झाला, हे त्यांच्याकडे पाहिल्याशिवाय कळत नाही. दुसरीकडे एम्प्रेस मिलसारख्या कापडगिरण्यांमध्ये काम करणारी, हातात रोख पगार येणारी, वर्गणी काढून सभा भरवणारी तरुण पिढी उभी राहत होती. ती आंबेडकरांच्या मागे गेली.

१९३६ साली आंबेडकरांनी प्रसिद्ध केलेलं निवेदन आज वाचताना धक्का बसतो, इतकं ते हिशेबी आहे. तीन धर्म समोर ठेवून ते विचारतात, पैसा कुणाकडे आहे, समाज म्हणून आपल्याला सामावून घेण्याची ताकद कुणात आहे, राजकीय हक्क कुठे मिळतील? इस्लाममध्ये हे सगळं आहे, असं ते मान्य करतात. ख्रिश्चनांच्या पाठीशी परदेशातला पैसा आहे, पण देशात संख्या कमी. शिखांकडे यातलं सर्वांत थोडं, तेही मुख्यतः पंजाबात. मग वजन शिखांच्याच बाजूला का पडतं? तर इस्लाम किंवा ख्रिस्ती धर्म घेतला की अस्पृश्य हिंदू धर्माबाहेर जातील आणि हिंदू संस्कृतीबाहेरही. शीख झाले तर धर्म बदलेल, पण संस्कृतीची चौकट तीच राहील. त्या निवेदनात बौद्ध धर्माचा पर्याय मांडलेलाच नाही. पण त्याच वर्षी, मे अखेरीस, मुंबईत दादरला झालेल्या महार परिषदेत ‘मुक्ती कोन पथे?’ या भाषणाचा शेवट त्यांनी बुद्धाच्या उपदेशाने केला: स्वतःच स्वतःचा दिवा व्हा. मॅट्रिक झाल्यावर कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी दिलेलं बुद्धचरित्र डोक्यात कुठेतरी होतंच. हिशेबाच्या कागदावर मात्र ते अजून उतरलं नव्हतं.

शीख पर्याय किती पुढे गेला होता? एप्रिल १९३६ मध्ये आंबेडकर अमृतसरच्या शीख परिषदेला गेले. जूनमध्ये नागपूरचे डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे मुंबईत राजगृह या आंबेडकरांच्या घरी येऊन त्यांना भेटले. हिंदू महासभेचे हे पुढारी धर्मांतर मान्य करायला तयार होते, पण एका अटीवर. आंबेडकरांनी इस्लाम आणि ख्रिस्ती धर्म बाजूला ठेवून शीख धर्म पत्करावा. मग महासभा विरोध करणार नाही, आणि शीख झालेल्या अस्पृश्यांना पुणे कराराच्या सवलती चालू राहाव्यात यालाही तिची संमती असेल. मुंज्यांनी हा मसुदा मद्रासचे दलित नेते एम. सी. राजा यांना कळवला. राजा यांनी तो धुडकावला आणि पत्रव्यवहार वर्तमानपत्रांत छापून टाकला. लोकांना आपण माल समजून या धर्मातून त्या धर्मात हलवत नाही, असा त्यांच्या आक्षेपाचा रोख होता. गांधीजी राजांच्या बाजूने उभे राहिले. आंबेडकरांनी काही अनुयायांना शीख धर्म शिकायला अमृतसरला धाडलं. मुंबईत माटुंग्याला १९३७ मध्ये खालसा कॉलेज सुरू झालं, त्यातही त्यांचा हात होता. पुढे बोलणी थंडावली.

माझ्या मते या प्रकरणातली खरी गाठ कायद्याची होती. १९३५ च्या भारत सरकार कायद्याखाली अनुसूचित जातींची यादी १९३६ मध्ये जाहीर झाली. तिच्यात भारतीय ख्रिश्चनाला अनुसूचित जातीचा मानू नये, असं स्पष्ट लिहिलं होतं. शिखांना राखीव जागा होत्या त्या मुख्यतः पंजाबात. नागपूरचा गिरणी कामगार शीख झाला असता तर त्याच्या हातात काय राहिलं असतं? धर्म सोडला की मतपेटीतली जागाही सुटते, हे त्या वेळी सगळ्यांना दिसत होतं. म्हणूनच मुंज्यांच्या मसुद्यात देवाधर्मापेक्षा सवलतींचं कलम महत्त्वाचं होतं.

पुढची वीस वर्षं देशाची गेली, तशी या प्रश्नाचीही गेली. जुलै १९४२ मध्ये नागपुरातच शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन या आंबेडकरांच्या पक्षाची स्थापना झाली. राज्यघटना आली, प्रत्येकाला मत मिळालं, अस्पृश्यता कायद्याने संपली. १९५० मध्ये आंबेडकरांनी महाबोधी सभेच्या मासिकात बुद्ध आणि त्याच्या धर्माच्या भवितव्यावर लेख लिहिला. सिलोनला गेले, पुढे ब्रह्मदेशाला गेले. डिसेंबर १९५४ मध्ये देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्ती बसवली. १९३६ चा प्रश्न ‘हा धर्म आपल्याला काय देईल?’ असा होता. त्या कसोटीवर बौद्ध धर्म सपशेल नापास होता, कारण महाराष्ट्रात तेव्हा बौद्ध नावालाच होते. ना पैसा, ना संख्या, ना पाठीराखा. पण म्हणूनच तिथे आधीपासून बसलेला कुणी वरचा नव्हता. आत शिरणाऱ्याला खालची पायरी दाखवणारं कुणीच नव्हतं. मला वाटतं, निवड पालटली ती इथे. आयत्या समाजात जाण्यापेक्षा समाजच नव्याने उभारायचा, असं ठरलं.

१९५६ च्या ऑक्टोबरात नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. १ नोव्हेंबरला ते मुंबई राज्यात जायचं होतं. त्याच वर्षी, त्याच शहरात, ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या धर्मांतरांची चौकशी करणाऱ्या समितीचा अहवाल आला होता. समितीचे अध्यक्ष होते नागपूर हायकोर्टाचे माजी मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी. पैसा आणि आमिषाने होणाऱ्या धर्मांतरांवर त्या अहवालात कडक शिफारशी होत्या. आणि दसऱ्याच्या सोहळ्यात बौद्ध धम्माची दीक्षा घेणाऱ्यांत हेच नियोगी होते! या योगायोगाकडे फारसं कुणी पाहत नाही.

सोहळ्याची व्यवस्था रेल्वेत नोकरी करणारे वामनराव गोडबोले यांच्या भारतीय बौद्धजन समितीकडे होती, आणि नागपूरचे उपमहापौर सदानंद फुलझेले त्यांच्या जोडीला होते. बाबासाहेब सीताबर्डीवरच्या श्याम हॉटेलात उतरले होते. १३ ऑक्टोबरला, येवल्याला बरोबर एकवीस वर्षं झाली त्या दिवशी, तिथेच पत्रकारांशी बोलताना त्यांनी सांगितलं, की वेळ येईल तेव्हा देशाला कमीत कमी धक्का बसेल असाच मार्ग निवडीन, असं मी गांधींना म्हटलं होतं. बौद्ध धर्म भारतीय संस्कृतीचाच भाग आहे. १९३६ मध्ये शिखांच्या बाजूने वापरलेला मुद्दा असा वीस वर्षांनी बुद्धाच्या कामी आला.

१४ तारखेला सकाळी व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळच्या मैदानावर पांढऱ्या कपड्यांतली माणसं बसली होती. संख्या तीन लाखांपासून पाच लाखांपर्यंत सांगितली जाते. बाबासाहेबांच्या वडिलांच्या स्मृतीसाठी सगळे मिनिटभर उभे राहिले. कुशिनाऱ्याचे वयोवृद्ध भिक्खू चंद्रमणी यांनी बाबासाहेब आणि त्यांच्या पत्नी माईसाहेब यांना पालीतून त्रिशरण आणि पंचशील दिलं. मग बाबासाहेब स्वतः वळले, ज्यांना धम्म घ्यायचा आहे त्यांनी उभं राहावं म्हणाले, आणि सगळं मैदान उभं राहिलं. त्यांनी लोकांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. ब्रह्मा, विष्णू, महेश मानणार नाही, गौरी-गणपती पूजणार नाही, श्राद्ध-पिंडदान करणार नाही, बुद्ध विष्णूचा अवतार आहे हे खोटं मानतो. उपासकाला परंपरेने त्रिशरण-पंचशील पुरतं. या प्रतिज्ञा त्यांच्या स्वतःच्या होत्या. जुनं घरात पुन्हा शिरू नये याची ती तजवीज. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या शहराला उत्तर म्हणून नागपूर निवडलं, ही दंतकथा त्यांनी दुसऱ्या दिवशीच्या भाषणात स्वतः खोडली आणि इथले प्राचीन नाग लोक, नागनदी आणि धम्माचा जुना प्रसार हे कारण सांगितलं. तरीही दर दसऱ्याला ती कुठल्या ना कुठल्या वाहिनीवर ऐकू येतेच. सोळा तारखेला चंद्रपूरला पुन्हा दीक्षा सोहळा झाला, आणि ६ डिसेंबरला ते गेले.

१९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २७.९ लाख बौद्ध मोजले गेले. पण १९३६ ची ती कायद्याची गाठ सुटली नव्हती. १९५० च्या राष्ट्रपती आदेशाप्रमाणे, पंजाबकडच्या काही शीख जाती वगळता, फक्त हिंदूच अनुसूचित जातीचा ठरत होता. १९५६ मध्ये सगळ्या शीख दलितांचा समावेश झाला. बौद्धांना केंद्राच्या सवलतींसाठी १९९० पर्यंत थांबावं लागलं. चौतीस वर्षं कित्येक घरांत बुद्धाची तसबीर भिंतीवर आणि दाखल्यावर ‘हिंदू महार’ असा दुहेरी संसार चालला. ख्रिस्ती आणि मुसलमान झालेले दलित आजही त्या यादीबाहेर आहेत. त्यांचा विचार करण्यासाठी केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला, आणि त्याला मुदतवाढही मिळाली आहे.