नागौरचा वेढा आणि ग्वाल्हेरचे शिंदे

ग्वाल्हेरहून राजस्थानच्या सहलीला निघालेली मराठी मंडळी जोधपूर पाहतात, बिकानेर पाहतात आणि मधलं नागौर बहुधा गाडीच्या खिडकीतूनच मागे टाकतात. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या मराठी घरांनी तरी तिथे उतरायला हवं. शिंदे घराण्याच्या इतिहासाला तिथे मोठं वळण मिळालं.

नागौरचा अहिछत्रगड हा भुईकोट. डोंगराचा आधार नाही, त्यामुळे सगळी भिस्त तटांवर आणि साठवलेल्या पावसाच्या पाण्यावर. आतले बरेचसे महाल अठराव्या शतकातल्या बखतसिंहाच्या काळातले आहेत. आणि कथेची सुरुवातही त्याच्यापासूनच होते.

१७४९ मध्ये मारवाडचा, म्हणजे जोधपूरचा, राठोड राजा अभयसिंह वारला. गादी मुलाकडे, रामसिंहाकडे गेली. नागौर सांभाळणाऱ्या चुलत्याला, बखतसिंहाला, ते पटलं नाही. १७५१ मध्ये त्याने जोधपूर घेतलं, पुढच्याच वर्षी तो गेला आणि मुलगा विजयसिंह गादीवर आला. रामसिंहाने मराठ्यांना बोलावलं. दुसऱ्याच्या भाऊबंदकीत शिरून खंडणी वसूल करायची, हा तेव्हा उत्तरेतला आपला शिरस्ताच होता. तो झाकण्यात अर्थ नाही.

शिंदे घराण्याचे संस्थापक राणोजी, त्यांचे थोरले चिरंजीव जयाप्पा शिंदे फौज घेऊन आले. सप्टेंबर १७५४ मध्ये मेडत्याजवळ हरलेला विजयसिंह नागौरच्या कोटात शिरला. जयाप्पांची छावणी जवळच ताऊसरला पडली. मोकळ्या मैदानात घोडा फेकणाऱ्या फौजेला आता वाळूत बसून तटाशी झुंजायचं होतं. महिने गेले, कोट पडेना. जुलै १७५५ मध्ये, तहाची बोलणी चालू असतानाच, मारेकऱ्यांनी छावणीत शिरून जयाप्पांचा खून केला. राठोडांच्या लेखी ते धाडस, आपल्या लेखी दगा.

धाकटे बंधू दत्ताजींनी वेढा उठवला नाही. १७५६ च्या तहात अजमेर आणि पन्नास लाख रुपये कबूल झाले. दत्ताजी १७६० मध्ये दिल्लीजवळ बुराडीला पडले, जयाप्पांचे पुत्र जनकोजी पानिपतानंतर मारले गेले, आणि घराण्याची सूत्रं यथावकाश राणोजींचेच पुत्र महादजी यांच्याकडे आली. १७८७ मध्ये विजयसिंहाने अजमेर परत घेतलं होतं. १७९० मध्ये महादजींच्या पलटणींनी पुन्हा मेडत्यालाच राठोडांना हरवलं, तेव्हा ते पुन्हा शिंद्यांकडे आलं. १८१८ मध्ये महादजींचे वारस दौलतराव यांनी ते इंग्रजांना दिलं. तोवर त्यांनी ग्वाल्हेरला मुक्काम हलवून लष्कर वसवलं होतं.